देवाच्या कृपेने उभी असलेली पाळ

सुमतीबाईंच्या मालकीचं एक धरण आहे, ही गोष्ट नागपूरच्या मनीषनगरातल्या त्यांच्या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हती. शासनालाही नव्हती. इमारतीनं कधी विचारलं नव्हतं, आणि शासनाला विचारायचं असतं तर आधी ठाऊक असावं लागलं असतं.

धरण तसं लहानच. कळमेश्वरच्या पलीकडे, दोन टेकड्यांमधल्या नाल्यावर मातीची पाळ घालून त्यांच्या सासऱ्यांनी संत्र्याच्या बागेपुरतं पाणी अडवलं होतं. पाळ बावीस फूट उंच आणि तीनशे फूट लांब. पुढे सासरे गेले, यजमान गेले, संत्र्याची अर्धी झाडंही गेली, पाळ राहिली. आणि पाळीच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठानं, अकरा घरं राहिली. त्यातलं पहिलं घर बळीरामचं.

बळीराम हा बागेचा राखणदार. साठी उलटलेला, बोलायला कमी, बघायला जास्त. दर रविवारी संध्याकाळी तो पाळीच्या पायथ्याशी जाई, तिथे जे पाणी पाझरून बाहेर येई ते सरबताच्या एका रिकाम्या काचेच्या बाटलीत धरी आणि बाटली घराच्या खिडकीत उभी करून ठेवी. सोमवारी सकाळी बाटलीचा तळ बघायचा. तळ स्वच्छ असला की आठवडाभराची चिंता मिटली. मातीची पाळ म्हटली की ती थोडीफार पाझरायचीच. नुसतं पाणी जात असेल तर खुशाल जावं. पण पाण्याबरोबर पाळीतली माती निघू लागली की समजावं, पाळ आतून पोखरत चालली. हे शास्त्र त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. एकतीस वर्षं तळ स्वच्छ होता.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी तळ स्वच्छ नव्हता.

बळीरामनं बाटलीला बूच लावलं, ती दुपट्ट्यात गुंडाळली आणि बस धरून तो मनीषनगरला आला. सुमतीबाई पाचव्या मजल्यावर राहत. त्यांनी दार उघडलं तेव्हा तो भिंतीला हात टेकून धापा टाकत होता. लिफ्ट बंद आहे का, असं त्यांनी विचारलं. नाही जी, चालू हाय, मी पायऱ्यानंच येतो, असं तो म्हणाला. खेड्यातली माणसं लिफ्टला घाबरतात हे सुमतीबाईंना माहीत होतं, त्यामुळे त्यांनी पुढे विचारलं नाही. पाणी दिलं.

बाटलीच्या तळाशी अर्धं बोट पिवळा गाळ बसला होता.

"एका रात्रीतलं हाय हे, बाई," बळीराम म्हणाला. "पाळ जाऊन राहिली."

"किती दिवस टिकेल?"

"उन्हाळाभर राहीन. पाणी उतरते ना. पाऊसकाळात तलाव भरला का मंग नाही. माहं घर पहिलं जाईन, बाकीचे दहा मांगून."

उपायही त्यानंच सांगितला. तलावातलं पाणी थोडं खाली उतरवायचं. पायथ्याशी पाझराची जागा मोकळी करून तिच्यावर आधी रेती, मग गिट्टी, मग मोठे दगड असे थर द्यायचे, म्हणजे पाणी गाळून बाहेर पडतं आणि माती आत राहते. जादा पाणी वाहून जायच्या सांडव्यात वाढलेली झुडपं काढायची. अकरा घरची माणसं लागली तर दहा-बारा दिवसांचं काम.

काम सोपं होतं आणि तिथंच ते संपलं असतं. पण सुमतीबाईंच्या यजमानांनी चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली होती आणि कळवल्याशिवाय काही करायचं नाही, हे वळण घराला लावलं होतं. सुमतीबाईंनी कळवायचं ठरवलं.

खाजगी धरणांसाठी शहरात एक कक्ष आहे. त्याचं नाव खाजगी जलसाठा नोंदणी व सुस्थिती कक्ष. तिथे शालिकराम नावाचे वरिष्ठ लिपिक बसतात. माणूस सज्जन. मंगळवारचा उपास करणारा, आलेल्या माणसाला आधी खुर्ची देणारा. त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली, मनापासून हळहळले आणि म्हणाले की धोक्यातल्या धरणाची तपासणी कक्ष जरूर करतो, फक्त ते धरण नोंदवलेलं असायला पाहिजे. सुमतीबाई म्हणाल्या, मग नोंदवून घ्या. शालिकरामांनी अर्ज पुढे केला. अर्जाच्या शेवटी मालकाचं प्रतिज्ञापत्र होतं: सदर धरण सुस्थितीत आहे.

"पण ते सुस्थितीत नाही म्हणूनच तर आले मी."

"बरोबर आहे काकू. पण धोकादायक धरण नोंदवून घेतलं, तर आमच्या नोंदवहीत धोकादायक धरण येईल ना."

सुमतीबाईंना यातली सोय पटली, पण सही करता येईना. त्याचं कारण वेगळं होतं. चातुर्मासात लोक कांदा-लसूण सोडतात. सुमतीबाईंनी तीन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात खोटं सोडलं होतं, आणि कार्तिकी एकादशीनंतर ते परत धरायचं राहून गेलं होतं. त्यांनी शालिकरामांना तसं सांगितलं. शालिकराम गंभीर झाले. कार्यालयात अशी अडचण घेऊन पूर्वी कुणी आलं नव्हतं, आणि तिच्यासाठी वेगळा अर्जही नव्हता.

सुमतीबाईंनी तीन हेलपाटे घातले. चौथ्या खेपेला शालिकरामांना वाट सापडली. प्रतिज्ञापत्राच्या वरती चौदा क्रमांकाचा रकाना होता: 'धरणाच्या स्थैर्याचा आधार'. तिथे आजवर सगळे 'लागू नाही' असं लिहीत. तो रकाना खराखुरा भरला तर प्रतिज्ञापत्रात 'रकाना चौदामध्ये नमूद केल्याप्रमाणे' एवढंच लिहून सही करता येत होती. काकूंनी फक्त एवढंच लिहायचं, की धरण आज कशाच्या आधारानं उभं आहे. जे खरं असेल ते.

सुमतीबाईंनी डोळे मिटले. त्यांच्यापुढे बाटली आली, तो पिवळा गाळ आला, पोखरलेली पाळ आली. त्यांनी पेन उचललं आणि त्यांच्या माहितीप्रमाणे जे संपूर्ण सत्य होतं ते स्वच्छ अक्षरात लिहिलं: देवाच्या कृपेने उभे आहे.

शालिकरामांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि शिक्का मारला.

पौषात तपासणी पथक आलं. पथकाचे प्रमुख विक्रम साहेब. तरुण, हुशार, शहरातून सकाळी निघून संध्याकाळी परतायची घाई असलेले. पथकानं पाळीच्या माथ्यावरून चालत जाऊन फोटो काढले. बळीराम त्यांना खाली पायथ्याशी चला म्हणून सांगत होता. साहेब अर्ध्यापर्यंत उतरले, खाली बघितलं आणि थांबले. बूट नवे होते. अहवालात त्यांनी नोंद केली: 'पायथ्याशी सतत पाणी व चिखल असल्याने पायथ्याची तपासणी करता आली नाही. सबब, पायथ्याशी गळती असल्याचे आढळून आले नाही.'

मग पथकानं बागेतली संत्री खाल्ली. संत्र्यांबाबत अहवालात प्रतिकूल काही नव्हतं.

माघात दाखला आला. जाड कागद, वर मुद्रा, खाली सही. धरण क्रमांक ४१, आधार: देवाची कृपा, स्थिती: सुस्थिती, वैधता: पाच वर्षे. सुमतीबाई दाखला आणि बाटली दोन्ही घेऊन कक्षात गेल्या. बाटली आता नवी होती आणि तिच्यात एक बोट गाळ होता. धरण आता नोंदवलेलं आहे, तेव्हा धोक्याची तपासणी करा, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

शालिकरामांचा चेहरा उतरला. "आता तर जास्त पंचाईत झाली काकू. आता तुमचं धरण सुस्थितीत आहे."

"आणि ही बाटली?"

"बाटली नोंदणीकृत नाही."

दाखला बघायला बळीराम मनीषनगरला आला, पुन्हा पायऱ्या चढून. त्यानं तो खिडकीजवळ नेऊन सावकाश वाचला. त्याच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, आणि घरात वाचल्याशिवाय कोणताही कागद ठेवायचा नाही अशी रीत होती. वाचून झाल्यावर त्यानं तो परत सुमतीबाईंच्या हातात दिला.

"बाई, तुमचा देव तुमच्या ठिकाणी बरोबर हाय. मी त्याच्यावर बोलत नाही," तो म्हणाला. "पण खाली अकरा घरं हायत. त्यातले सात आमचे, बुद्धाचे. आमी कृपा मागतली नाही अन् आमाले कोणी देल्ली नाही. पाळ तं आमच्यावरच येईन. त्या सात घराइले हे लागू हाय का नाही, थेवढं साहेबाले विचारून घ्या."

तो थट्टा करतोय की खरंच विचारतोय हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. सुमतीबाईंना प्रश्न रास्त वाटला. त्यांनी लेखी विचारला. कक्षानं तो विधी शाखेकडे पाठवला, विधी शाखेनं तीन आठवडे विचार केला आणि उत्तर आलं: 'रकाना चौदामधील कृपा ही व्यक्तीस नसून बांधकामास लागू आहे. सबब ती सर्वधर्मीय खालच्या रहिवाशांना समप्रमाणात अनुज्ञेय राहील.' बळीरामनं तेही पत्र वाचलं, घडी घातली आणि बाटलीखाली ठेवलं.

दरम्यान विक्रम साहेबांना सुमतीबाईंचा अर्ज फार आवडला होता. जिल्ह्यातल्या बाकीच्या धरणमालकांचे अर्ज वर्षानुवर्षं अडकून पडले होते, कारण सुस्थितीवर सही करायला कुणी धजत नव्हतं. खोटं सोडलेलं नसलं तरी पकडलं जायची भीती होतीच. साहेबांनी परिपत्रक काढलं. मार्गदर्शक नमुना म्हणून क्रमांक ४१ चा रकाना चौदा जोडला. महिन्याभरात तीनशे सोळा धरणं नोंदली गेली. सगळी देवाच्या कृपेने उभी होती. कक्षाला वरून शाबासकीचं पत्र आलं, आणि एवढी धरणं सुस्थितीत निघाल्यामुळे दुरुस्तीचा विभाग अनावश्यक ठरून दुसरीकडे हलवण्यात आला.

आदर्श धरण म्हणून क्रमांक ४१ वर शंभर रोपं लावायचा कार्यक्रमही झाला. बळीराम सांगत होता की मातीच्या पाळीवर झाडं लावत नाहीत, मुळं आत शिरून पाण्याला वाट करून देतात. पण पाहुणे आले होते, खड्डे खणून तयार होते, हार आणले होते. रोपं लागली. चार दिवसांनी बळीरामची बायको सिंधूताई हिच्या तीन शेळ्या पाळीवर चढल्या आणि शंभरच्या शंभर खाऊन उतरल्या. धरणाच्या सुरक्षेसाठी त्या वर्षात नागपूर जिल्ह्यात झालेलं हे पहिलं काम.

वैशाखात सुमतीबाई स्वतः पाळीवर गेल्या. खिडकीत बाटल्यांची रांग लागली होती. मार्गशीर्षातली अर्धं बोट, माघातली एक, आता पाणी एवढं उतरलेलं असूनही दोन बोटं. सिंधूताईनं त्यांना घरात बसवलं आणि पन्हं दिलं. सुमतीबाईंची नजर फळीवरच्या डब्यांवर गेली. घासून लखलखीत केलेले डबे, एकावर एक, आणि सगळ्यांची झाकणं उघडी.

डबे रिकामे काहून ठेवले वं, असं त्यांनी सहज विचारलं.

"भरत नाही जी आता," सिंधूताई म्हणाली. "दोन रोजापुरतंच दळून आणते. रिकामा डबा वाहून गेला तं गेला. पिठाचा भरलेला गेला तं जीवाले लागन."

हे तिनं पन्ह्यात गूळ कमी झाला का, अशा आवाजात सांगितलं आणि भांडं परत भरायला वळली.

तीन वर्षांत आपण एक अक्षर खोटं बोललो नाही याचं सुमतीबाईंना मनातल्या मनात थोडं समाधान होतं. ते त्या उघड्या डब्यांसमोर कुठे ठेवावं, त्यांना सुचेना. मग त्या बाहेर आल्या आणि बळीरामला म्हणाल्या, "उद्यापासून काम धरा."

"साहेबाले कळवायचं नाही?"

"कळवू. झाल्यावर."

अकरा दिवस लागले. अकरा घरांतली माणसं, सुमतीबाईंचा ट्रॅक्टर, कोरड्या नाल्यातली रेती, बागेच्या पडक्या कुंपणाचे दगड. पहिलं घमेलं सुमतीबाईंनी टाकलं. त्यांच्या तोंडून स्तोत्र सुरू झालं तेव्हा बळीराम त्यांना इतकंच म्हणाला की बाई, म्हणा, पण रेती आधी अन् गिट्टी मंग, मंत्रात उलटं होऊ देऊ नका. बाराव्या दिवशी रविवार होता. सोमवारी सकाळी अख्खी वस्ती खिडकीपुढे जमली. तळ स्वच्छ होता. सिंधूताईनं बाटली हातात घेऊन उलटी केली, सुलटी केली, आणि दळण घेऊन गिरणीकडे निघाली. पायलीभर.

सुमतीबाईंनी ठरल्याप्रमाणे कळवलं. आठ दिवसांत नोटीस आली.

नोटिशीत म्हटलं होतं की, पूर्वपरवानगीशिवाय धरण क्रमांक ४१ च्या स्थैर्याच्या आधारात बदल करण्यात आल्याचे निदर्शनास आले आहे. नोंदीनुसार सदर धरण देवाच्या कृपेवर उभे असताना, ते सध्या रेती, गिट्टी व दगड यांवर उभे असल्याचे आढळले. ही बाब दाखल्यातील अटींचा भंग करणारी असून, यामुळे याच नमुन्यावर नोंदलेल्या अन्य तीनशे सोळा धरणांबाबत जनतेत अकारण शंका उत्पन्न होऊ शकते. सबब, पंधरा दिवसांच्या आत नवीन साहित्य काढून धरण पूर्ववत कृपेवर आणावे, अन्यथा कारवाई करण्यात येईल.

पावसाळा तोंडावर होता. सुमतीबाई नोटीस घेऊन कक्षात गेल्या. शालिकरामांनी खुर्ची दिली आणि मान खाली घातली. ते म्हणाले, मला कळतं काकू, पण आता हे साहेबांच्याही हातात नाही, परिपत्रक निघालंय.

सुमतीबाईंनी कोरा कागद मागितला. पुन्हा डोळे मिटले. खोटं बोलायचं नव्हतं, आणि रेतीचा एक कणही हलवायचा नव्हता. मग त्यांनी लिहिलं: 'सदर रेती, गिट्टी व दगड देवाच्या कृपेनेच मिळाले. सबब आधारात बदल झालेला नाही. फक्त कृपा आता डोळ्यांना दिसते.'

शालिकरामांनी वाचलं. शेवटचं वाक्य खोडता का, असं त्यांनी अदबीनं विचारलं. दिसणाऱ्या कृपेसाठी रकाना नव्हता. सुमतीबाईंनी खोडलं. फाइल त्याच दुपारी बंद झाली.

आषाढात चार दिवस धार लागली. तलाव काठोकाठ भरला, मोकळा केलेला सांडवा दोन दिवस घोंघावत वाहिला, आणि पाळ जागची हलली नाही. पाचव्या दिवशी सुमतीबाईंना शालिकरामांचा फोन आला. आवाज कार्यालयातला नव्हता, घरातला होता, जरा दबलेला. त्यांनी आधी काकूंच्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले की गेल्या वर्षी त्यांनी शहराबाहेर एका लेआउटमध्ये घर बांधलं, आणि परवाच त्यांच्या ध्यानात आलं की लेआउटच्या वरच्या अंगाला जी हिरवीगार टेकडी दिसते ती टेकडी नाही. ती धरण क्रमांक २०७ आहे.

सुमतीबाई म्हणाल्या, पण २०७ सुस्थितीत असेल ना.

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"काकू," शालिकराम म्हणाले, "बळीरामजींना एकदा पाठवता का? बाटली मी घेऊन ठेवतो."

त्या सोमवारची बाटली दाखवायला बळीराम स्वतः मनीषनगरला आला. चारही दिवस पाऊस कोसळूनही तळ काचेसारखा स्वच्छ. सुमतीबाईंनी ती देवापुढे ठेवली, आणि बळीरामनं ठेवू दिली. शालिकरामांचा पत्ता लिहून घेऊन तो निघाला, तेव्हा त्या त्याला पोचवायला खालपर्यंत आल्या, त्याच्याबरोबर पायऱ्या उतरून. उतरता उतरता त्यांनी विचारलं, की पावसात रात्री-बेरात्री पाळीवर चढणारा माणूस लिफ्टला एवढा का भितो.

बळीराम थांबला. "भेत नाही जी. पहिल्या दिवशी खाली उभा होतो तं तो कागद वाचला," तो म्हणाला आणि त्यानं तळमजल्यावर, लिफ्टच्या दाराशेजारी लावलेल्या चौकटीकडे बोट केलं. "तपासणी दोन साल झाले झाली नाही. अन् तिसऱ्या माळ्यावर तार करकरते. खालून ऐकू येते. तुमी तं रोज आतच राहता."

मग त्यानं नमस्कार केला आणि बसकडे गेला.

सुमतीबाई चौकटीपाशी गेल्या. काच धुळकट होती. अकरा वर्षं त्या इथे राहत होत्या, आणि हा कागद त्यांनी आज पहिल्यांदा वाचला. शेवटच्या तपासणीची तारीख बळीराम म्हणाला तशी दोन वर्षांपूर्वीची होती. तिसऱ्या मजल्यावरचा आवाज मात्र त्यांना माहीत होता. तो आला की रामनाम घ्यायची त्यांना सवयच होती.

मागे लिफ्टचं दार उघडलं. बाहेरून आलेले पाच जण आत शिरले. मधोमध इमारतीचे सचिव मुकुंदराव, हातात भाजीची पिशवी. या ना काकू, म्हणून त्यांनी दार धरून ठेवलं. सुमतीबाईंनी जिन्याकडे बघितलं. पाच मजले होते, गुडघे दुखत होते, सांजवातीची वेळ होत आली होती. आणि दार धरून ठेवलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही.

त्या आत गेल्या.

तिसऱ्या मजल्यावर तार करकरली. आत सहा जण होते. सगळ्यांनी, तुम्ही आणि मी बघतो तसंच, दारावरच्या लाल आकड्याकडे बघितलं, आणि चार येईपर्यंत कुणी काही बोललं नाही.